जुन्या संहितेत नवे साधन : विकिपीडियावरील यथादृश्य संपादकाचा इतिहास

तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा शोधाच्या तिथीवर खिळून राहते. अमुक यंत्र अमुक साली सिद्ध झाले, ह्याची नोंद केली की लेखक पुढे सरकतो. परंतु नवे साधन रिकाम्या जागेत उभे करणे निराळे आणि नांदत्या घरात आणून बसविणे निराळे. दुसऱ्या प्रकारात घराच्या भिंती, तेथील माणसांच्या सवयी, इतकेच नव्हे तर घरावर सत्ता कोणाची हा प्रश्नही साधनाच्या वाटेत उभा राहतो. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रसंगाचा विचार करावयाचा आहे. १ जुलै २०१३ रोजी इंग्रजी विकिपीडियावर नोंदणीकृत सदस्यांसाठी ‘व्हिज्युअल एडिटर’ नावाचे नवे संपादन-साधन सर्वांस आपोआप उपलब्ध होईल अशा रीतीने सुरू करण्यात आले. मराठीत त्यास यथादृश्य संपादक म्हणणे सोयीचे आहे. कारण लेख वाचकास जसा दिसतो तसाच तो संपादन करणारापुढेही मांडावा, हे त्याचे प्रयोजन. त्या वेळी त्या ज्ञानकोशात ४२ लाखांहून अधिक लेख होते. तीन महिने पुरे होण्यापूर्वीच हे साधन तेथील सदस्यांच्या आग्रहास्तव ऐच्छिक करावे लागले. साधन कच्चे होते व ते घाईने आणले गेले, असे ह्याचे स्पष्टीकरण सामान्यतः देण्यात येते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्या प्रकरणाचे मूळ शोधू गेल्यास जालाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० साली जो पहिला ब्राउझर लिहिला, तो वाचनाबरोबर लेखनाचेही साधन होता. नेक्स्ट संगणकावर चालणाऱ्या त्या आज्ञावलीत पृष्ठ उघडावे, त्यातच मजकूर लिहावा आणि दुवे जोडावेत, अशी सोय होती. मात्र नेक्स्ट संगणक फार थोड्यांपाशी होते. इतर यंत्रांसाठी निकोला पेलो ह्यांनी जो साधा, केवळ अक्षरे दाखविणारा ब्राउझर तयार केला, त्यात लेखनाची सोय वगळण्यात आली. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रातून आलेल्या मोझॅकने जालाची कीर्ती जगभर पसरविली, आणि तोही वाचनापुरताच होता. अशा रीतीने लेखन हे जालाच्या मूळ कल्पनेत असूनही प्रत्यक्षातून गळाले. पुढे तीस वर्षे संपादन-साधने ‘जोडण्याचे’ जे अखंड प्रयत्न झाले, ते वस्तुतः ह्या गळतीची भरपाई होत.

गळालेल्या लेखनाच्या जागी वाचकाच्या हाती उरली ती अर्जातील मजकुराची चौकोनी पेटी. ह्या पेटीत केवळ अक्षरे मावतात. ठळकपणा, मथळा, दुवा ह्यांपैकी काहीही मावत नाही. २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी ‘विकिविकिवेब’ सुरू केले तेव्हा त्यांनी ही मर्यादा मान्य करूनच मार्ग काढला. कोणीही पृष्ठ उघडावे, पेटीत मजकूर बदलावा, आणि आकाराच्या सूचना साध्या विरामचिन्हांनी द्याव्यात : दोन अपॉस्ट्रॉफींमध्ये घातलेला शब्द तिरपा, तीनांमध्ये घातलेला ठळक, रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद. ही संकेतपद्धती एखाद्या सिद्धान्तातून जन्मलेली नाही. पेटीच्या दारिद्र्यातून जन्मलेली आहे. ते दारिद्र्य संपल्यावरही संकेतपद्धती राहिली, हा तिच्या इतिहासातील लक्षणीय भाग होय.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो क्लिफर्ड ॲडम्स ह्यांच्या ‘यूजमॉडविकी’ ह्या आज्ञावलीवर. एका वर्षाच्या आत तिचा भार पेलेनासा झाला. जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के ह्यांनी पीएचपी भाषेत लिहिलेली नवी आज्ञावली आली. त्याच वर्षी जुलैत ली डॅनियल क्रॉकर ह्यांनी ती पुन्हा लिहिली, आणि पुढे तिला मीडियाविकी हे नाव मिळाले. प्रत्येक वेळी घर नवे बांधले, पण भाषा तीच ठेवली. नव्हे, तीत भर घातली. २००४ मध्ये साच्यांना प्राचले देता येऊ लागली. २००६ च्या सुमारास ‘अमुक असेल तर तमुक दाखव’ अशा अटी साच्यांत घालता येऊ लागल्या. चार चिन्हांची ती खूणपद्धती आता जवळजवळ आज्ञावली लिहिण्याची भाषा होऊन बसली. तिला विकिटेक्स्ट म्हणतात.

विकिटेक्स्टला कधीही व्याकरण नव्हते. कोणता मजकूर शुद्ध आणि कोणता अशुद्ध, हे सांगणारा नियमग्रंथ कोणी लिहिला नाही. मीडियाविकी त्या मजकुराचे जे रूपांतर करी तोच त्याचा अर्थ. हे रूपांतरही शोधा व बदला अशा पद्धतीच्या क्रियांच्या लांबलचक साखळीने होई. चुकलेले कंस, अर्धवट सोडलेल्या खुणा ह्यांनाही यंत्र काही तरी रूप देई, आणि ते रूप बरे दिसले की लेखक निश्चिंत होई. एका साच्याने तक्ता सुरू करावा, दुसऱ्याने ओळी पुरवाव्यात, तिसऱ्याने तक्ता बंद करावा, असले प्रकार सर्रास चालत. तुकडा तुकडा पाहिला तर तो निरर्थक. सगळे एकत्र आले तरच अर्थ. व्याकरणापूर्वीही भाषा नांदते हे खरे. परंतु तशा भाषेत दुभाष्याचे काम करणे किती कठीण, ह्याचा अनुभव पुढे यावयाचा होता.

दरम्यान जालाच्या इतर भागांत निराळा प्रवाह वाहू लागला होता. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ ह्या २००० सालच्या आवृत्तीत पृष्ठाचा कोणताही भाग ‘संपादनयोग्य’ ठरविण्याची सोय आली. मोझिलाने २००३ मध्ये तशीच सोय दिली. ह्या पायावर २००३ मध्ये फ्रेदेरिको काल्देइरा क्नाबेन ह्यांचा एफसीकेएडिटर (पुढे सीकेएडिटर) आणि २००४ मध्ये स्वीडनमधील मॉक्सिकोड ह्या लहानशा संस्थेचा टायनीएमसीई ही साधने उभी राहिली. ती जोडण्याची रीत मोठी चतुर होती. संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या पृष्ठात दोन-चार ओळी घालावयाच्या. साधन मूळ पेटी लपवी, तिच्या जागी संपादनयोग्य चौकट मांडी, आणि लेखकाने ‘जतन करा’ म्हणताच चौकटीतील एचटीएमएल मजकूर लपविलेल्या पेटीत परत ओतून अर्ज पुढे पाठवी. मागील यंत्रणेस काही बदल झाल्याचे कळतही नसे. वर्डप्रेसने डिसेंबर २००५ च्या २.० आवृत्तीत टायनीएमसीई असाच आत घेतला.

ही सोय निर्दोष होती असे नव्हे. ठळक अक्षरांसाठी एक ब्राउझर ‘स्ट्राँग’ ही खूण घाली, दुसरा ‘बी’, तिसरा लांबलचक शैलीसूचना. वर्डमधून उचललेला मजकूर चिकटविला की त्याबरोबर त्या आज्ञावलीचा सारा केरकचरा येई. वर्डप्रेस स्वतः ओळी मोडून परिच्छेद करी, त्यामुळे दृश्य आणि संहिता ह्या दोन पाट्यांमध्ये ये-जा केली असता मजकुराची मोडतोड होण्याची तक्रार अनेक वर्षे चालू राहिली. तथापि येथे मूलभूत अडचण नव्हती. साठवण एचटीएमएलची आणि साधनाची भाषाही तीच. मधे दुभाषी लागत नव्हता.

विकिपीडियावर मात्र दुभाष्यावाचून गत्यंतर नव्हते. साठविलेला मजकूर विकिटेक्स्ट, ब्राउझरला कळे ते एचटीएमएल. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग मीडियाविकीने घातलेला होता, पण तो एकेरी होता. दळलेल्या पिठातून गहू परत मिळत नाहीत, तसे त्या रूपांतरातून मूळ संहिता परत मिळत नसे. साचा कोठे संपला, लेखकाने जागा एक सोडली होती की दोन, प्राचले एका ओळीत होती की ओळीगणिक, ह्याचा मागमूस पृष्ठावर उरत नसे.

हा मुद्दा नीट ध्यानात येण्यासाठी आपल्या अभ्यासकांस परिचित असलेल्या पाठचिकित्सेकडे वळणे उपयुक्त होईल. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या लेखनिकास एकच ओवी सुधारावयाची असते. परंतु सारी पोथी त्याच्या हातून पुन्हा उतरते आणि ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरे, एखादा आर्ष शब्द न कळत बदलून जातो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच साचलेल्या पाठभेदांमुळे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर अर्ध्या शतकाजवळ काळ खर्ची पडला, तोही ह्याच कारणाने. विकिपीडियावर प्रत्येक बदल जतन होतो आणि आधीच्या व नंतरच्या आवृत्तींतील फरक कोणासही पाहता येतो. किंबहुना ह्या फरकावर पहारा ठेवणे हेच तेथील जुन्या सदस्यांचे नित्यकर्म होय. आता असे समजा, की एकाने एक शब्द सुधारला आणि साधनाने त्याबरोबर सारा लेख आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिला. फरकाच्या पाटीवर शंभर ओळी रंगलेल्या दिसतील, आणि त्यांत एखादा खोडसाळ बदल लपला तर तो कोणाच्या नजरेस येणार? म्हणजे, पहाऱ्याची सारी व्यवस्थाच निकामी होणार. ह्या धोक्यास तेथील तंत्रज्ञ ‘मळका फरक’ अशा अर्थाचे नाव देत असत.

ह्यावर जे उत्तर निघाले ते पार्सॉइड. २०११ च्या अखेरीस विकिमीडिया प्रतिष्ठानात ह्या दुभाषी आज्ञावलीचे काम सुरू झाले. पार्सॉइड विकिटेक्स्टचे एचटीएमएल करते, पण ते करताना प्रत्येक भागावर आपली अदृश्य टाचणे लावून ठेवते : हा तुकडा अमुक साच्यातून आला, ह्या दुव्याचा मूळ मजकूर असा होता, हा भाग मूळ संहितेत येथून तेथपर्यंत होता. तीन साच्यांनी मिळून उभारलेला तक्ता असेल तर ते तीनही एका गाठोड्यात बांधून टाकते. बदल करून पृष्ठ परत आले की पार्सॉइड सारी संहिता पुन्हा लिहीत नाही. जेथे हात लागला तेवढाच भाग लिहिते आणि बाकीचा मूळ मजकूर अक्षरशः जसाच्या तसा उचलून ठेवते. सुमारे लाखभर व पुढे त्याहून अधिक पृष्ठांवर जाण्या-येण्याच्या ह्या प्रवासाची सतत परीक्षा घेतली जात असे. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या सर्व प्रकरणातील खरे बौद्धिक यश हेच आहे. लेखनिकाने जेवढी ओवी सुधारावयाची तेवढीच सुधारावी आणि उरलेल्या पोथीस स्पर्शही करू नये, हा संपादनधर्म येथे यंत्राच्या नियमात उतरला आहे.

साधनाचा दुसरा अर्धा भाग ब्राउझरात राहावयाचा होता, आणि तेथे एक निर्णय असा झाला की ज्याचा आपल्या भाषेशी निकटचा संबंध आहे. ब्राउझरांच्या संपादनयोग्य चौकटीवर तंत्रज्ञांचा विश्वास नव्हता. गूगल डॉक्सने २०१० मध्ये ती टाकून देऊन अक्षरमांडणी व कर्सर हे सर्व स्वतःच चितारण्याचा मार्ग धरला होता. यथादृश्य संपादकाचा आरंभीचा नमुनाही तशाच पद्धतीचा होता. परंतु इंग्रजीबाहेरच्या लिपींची टंकलेखन-साधने ब्राउझराच्या स्वतःच्या लेखनचौकटीची अपेक्षा करतात. चितारलेल्या कर्सरपुढे ती गोंधळतात. अखेर २०१२ मध्ये ती संपादनयोग्य चौकटच स्वीकारण्यात आली, मात्र मजकुराची खरी प्रत साधनाने आपल्यापाशी अक्षरांच्या एका सरळ रांगेच्या रूपात ठेवावयाची आणि चौकटीत काय घडते त्यावर लक्ष ठेवून ती जुळवीत राहावयाचे, अशी योजना ठरली. शेकडो भाषांच्या ज्ञानकोशास दुसरा पर्याय नव्हता.

येथे मराठीचा विचार थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर लिहू इच्छिणाऱ्या नवख्यास दोन विद्या एकाच वेळी शिकाव्या लागत : देवनागरीत टंकन आणि विकिटेक्स्ट. ह्या दोन विद्यांचे परस्परांशी वैर आहे, ही गोष्ट इंग्रजीत चाललेल्या चर्चेत क्वचितच दिसते. भारत सरकारच्या इन्स्क्रिप्ट कळमांडणीत विकिटेक्स्टची बहुतेक सर्व चिन्हे मराठी अक्षरांनी व्यापलेली आहेत. दुव्यासाठी लागणारा चौकोनी कंस उघडावयास जावे तर ‘ड’ उमटतो. साच्याचा महिरपी कंस उघडावयास जावे तर ‘ढ’, आणि बंद करावयास जावे तर ‘ञ’. ठळकपणासाठी तीन अपॉस्ट्रॉफी टंकू गेल्यास ‘टटट’ मिळते. मथळ्याच्या बरोबरीच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण आहे, प्राचले विलग करणाऱ्या उभ्या रेघेच्या जागी ‘ऑ’ आहे, आणि यादीच्या तारकेच्या जागी ‘श्र’. म्हणजे एक दुवा घालण्यासाठी लेखकाने रोमन मांडणीवर जावे, दोन कंस टंकावे, देवनागरीवर परत यावे, शब्द लिहावा, पुन्हा रोमनवर जावे, कंस मिटावे आणि पुन्हा परतावे. पेटीच्या वरील कळफितीतून ह्या खुणा घालण्याची सोय होती हे खरे. पण हात कळफलकावरून उचलावा लागेच. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटविणारी लिप्यंतर-साधने बहुतांशी ह्या संकटातून सुटतात, आणि अनेक मराठी लेखकांचा ओढा तिकडे राहिला त्याचे हे एक कारण असावे, असा आमचा तर्क आहे.

लिप्यंतराची ही सोय २०११ मध्ये ‘नारायम’ ह्या जोडणीच्या रूपाने भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर एकसारखी करण्यात आली, आणि २०१३ च्या मध्यास तिची जागा भाषानिवडीच्या नव्या सर्वसमावेशक साधनाने घेतली. म्हणजे यथादृश्य संपादक आणि नवे टंकन-साधन ही जवळजवळ एकाच उन्हाळ्यात आली. टंकन-साधनाची कार्यपद्धती अशी, की कर्सरच्या अलीकडची दोन-चार अक्षरे पाहावयाची व नियमानुसार ती बदलून टाकावयाची. साध्या पेटीत हे निर्वेध होई. संपादनयोग्य चौकटीत मात्र दोन साधने एकाच मजकुरावर हात घालतात : टंकन-साधन मागील अक्षर बदलते आणि संपादकाने ते वेळीच टिपले नाही तर त्याची अंतर्गत प्रत व दिसणारा मजकूर ह्यांत तफावत पडते. त्यात देवनागरीची स्वतःची वैशिष्ट्ये. ‘क्ष’ हे डोळ्यांस एक अक्षर, संहितेत तीन चिन्हे. बाणाची कळ त्यास एक मानते, मागे पुसणारी कळ बहुधा एकेक चिन्ह पुसते. ‘वाऱ्याने’ ह्या शब्दातील रफार दोन निरनिराळ्या चिन्हमालिकांनी लिहिता येतो. त्यांपैकी एकीत अदृश्य जोडचिन्ह असते. कागदावर दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी मात्र भिन्न शब्द. जे दिसते तीच संहिता, हे यथादृश्य पद्धतीचे गृहीतक देवनागरीत पुरतेपणी खरे नाही. मात्र विकिटेक्स्टच्या पेटीतही हा भेद दिसत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता १ जुलै २०१३ कडे परत येऊ. त्या पूर्वीच्या डिसेंबरपासून इच्छुकांना साधन वापरून पाहता येत होते. प्रतिष्ठानास घाई होती त्यास कारणही होते : इंग्रजी विकिपीडियावर नियमितपणे लिहिणाऱ्यांची संख्या २००७ नंतर घटत चालली होती, आणि विकिटेक्स्ट हा नवख्यांच्या वाटेतील मोठा अडसर आहे, असे निदान झालेले होते. साधन प्रत्यक्षात सर्वांपुढे आले तेव्हा त्यात तक्त्यांची रचना बदलण्याची सोय नव्हती. संदर्भटीपा घालणे अवघड होते, आणि मोठे लेख उघडावयास फार वेळ लागे. साच्यांची प्राचले काय आहेत हे साधनास समजावे म्हणून प्रत्येक साच्याची माहिती हाताने लिहावी लागणार होती. ते काम अर्थातच सदस्यांवर पडले. जुन्या सवयीने कोणी चौकोनी कंस टंकले तर साधन ते शब्दशः घेई आणि त्यांचा दुवा होऊ नये म्हणून भोवती ‘नोविकी’ अशी संरक्षक खूण घाली. त्यामुळे लेखांत ह्या निरर्थक खुणा विखुरल्या. साधन अंतर्गत वापरासाठी ठेवीत असलेले बुद्धिबळाच्या प्याद्याचे चिन्ह कधीकधी लेखाच्या संहितेत उतरे. ह्या प्रकाराने जी थट्टा झाली ती साधनाच्या प्रतिष्ठेस कोणत्याही गंभीर दोषाहून अधिक बाधली. दोन आठवड्यांनी नोंदणी न केलेल्यांसाठीही साधन खुले करण्यात आले आणि हे सर्व निस्तरण्याचे काम वाढले.

येथेच पूर्वोक्त स्पष्टीकरणाची अपुरेपणा दिसतो. दोष दुरुस्त होत होते. दर आठवड्यास सुधारित आवृत्ती येत होती. तरी विरोध वाढतच गेला. कारण वाद साधनाच्या गुणदोषांवरून पायरीपायरीने अधिकाराच्या प्रश्नाकडे सरकला होता : ज्ञानकोशाच्या दारावर कोणते कुलूप बसवावयाचे हे कोणी ठरवावे? यंत्रे, पगारी तंत्रज्ञ आणि निधी प्रतिष्ठानाकडे. लेख, पहारा आणि सवय सदस्यांकडे. जर्मन विकिपीडियाच्या सदस्यांनी कौल घेऊन हे साधन ऐच्छिकच राहावे असे सांगितले व प्रतिष्ठानाने ते मानले. इंग्रजीतही चर्चेचा निष्कर्ष तसाच झाला, पण तो अमलात येईना. तेव्हा २०१३ च्या सप्टेंबरात एका स्वयंसेवक प्रचालकाने साऱ्या संकेतस्थळावर चालणाऱ्या आज्ञापृष्ठात बदल करून साधन बंद पाडण्याचा घाट घातला. त्यानंतर प्रतिष्ठानाने स्वतःच ते ऐच्छिक केले. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये चित्रे पाहण्याच्या एका दुसऱ्या साधनावरून जर्मन विकिपीडियावर असाच प्रसंग उद्भवला. त्या वेळी प्रतिष्ठानाने प्रचालकांनाही बदलता येऊ नये असे ‘अतिसंरक्षण’ त्या आज्ञापृष्ठास लावले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते काढून टाकावे लागले. एका अर्थी २०१३ चा वाद तेथे मिटला.

सदस्यांची भूमिका सर्वस्वी निःस्वार्थ होती, असे मात्र म्हणता येत नाही. दहा-बारा वर्षे विकिटेक्स्टमध्ये घालविलेल्यांस ती भाषा सोपीच वाटणार. त्यांच्या लेखी नव्या साधनाचा लाभ शून्य आणि त्रास पुष्कळ. ज्याच्यासाठी साधन केले तो नवखा ह्या चर्चेत हजरच नव्हता, कारण तो अद्याप सदस्य झालेला नव्हता. त्याचे वकीलपत्र प्रतिष्ठानाने घेतले होते. परंतु पुरावा त्यास अनुकूल नव्हता. जून २०१३ मध्ये नव्या खात्यांचे दोन गट करून जो प्रयोग झाला, त्यात साधन मिळालेल्या गटाने अधिक लेखन केल्याचे आढळले नाही. साधन पुष्कळ सुधारल्यावर २०१५ मध्ये पुन्हा प्रयोग झाला. तेव्हाही नवख्यांच्या उपयुक्त लेखनात लक्षणीय वाढ दिसली नाही. विकिटेक्स्ट हाच अडसर, हे निदानच अर्धवट असावे. नवख्याने केलेला बदल जुन्या सदस्याने क्षणात उलटविला, तर तो कोणत्या साधनाने केला होता ह्यास महत्त्व राहत नाही. मात्र हे दोन्ही प्रयोग इंग्रजी विकिपीडियावरील होते. ज्याच्या कळफलकावर चौकोनी कंसच नाही, अशा लेखकाविषयी त्यांतून काही सिद्ध होत नाही.

साधन पुढे शांतपणे परतले. २०१५ च्या उत्तरार्धात ते इंग्रजीतील नव्या खात्यांस टप्प्याटप्प्याने देण्यात आले. दरम्यान तक्ते आले, वेग वाढला, आणि सायटॉइड नावाची जोड मिळाली : लेखाचा पत्ता चिकटविला की लेखक, शीर्षक, दिनांक ह्यांसह संदर्भटीप तयार होते. अनेक जुन्या सदस्यांस ह्या एका सोयीने साधनाकडे वळविले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संदर्भटीप हे त्यांचे स्वतःचे कष्टाचे काम होते. २०१६ मध्ये संपादनाची एकच कळ ठेवून आत दोन्ही पद्धतींत ये-जा करण्याची सोय अनेक विकिपीडियांवर आली.

तुलनेसाठी वर्डप्रेसचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० आवृत्तीबरोबर ‘गुटेनबर्ग’ हा ठोकळ्यांचा संपादक आला आणि तेथेही मोठा क्षोभ झाला. काहींनी वेगळी चूल मांडून क्लासिकप्रेस काढले. परंतु तेथे दोन गोष्टी दूरदृष्टीने केलेल्या दिसतात. ठोकळ्यांच्या सीमा एचटीएमएलमधील टिप्पणीच्या रूपाने लिहिल्या, त्यामुळे गुटेनबर्ग न जाणणाऱ्या यंत्रणेसही मजकूर वाचता येतो. आणि जुने लेख तसेच एका ‘अभिजात’ ठोकळ्यात ठेवले, मालकाने सांगितल्यावाचून त्यांचे रूपांतर केले नाही. शिवाय ज्यास जुनाच संपादक हवा त्यास वेगळ्या जोडणीने तो मिळत होता. वर्डप्रेसचे प्रत्येक संकेतस्थळ निराळ्या मालकाचे असल्याने हे शक्य झाले. विकिपीडियावर सर्वांची संहिता एकच. तेथे एकाने वापरलेल्या साधनाची खूण दुसऱ्याच्या फरकपाटीवर उमटल्याशिवाय राहत नाही.

पार्सॉइडचा पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. आरंभी ते जावास्क्रिप्टमध्ये, मीडियाविकीच्या बाहेर, स्वतंत्र सेवेच्या रूपाने चाले. लहान विकिस्थळांच्या चालकांना ते उभारणे जड जाई. २०१९ च्या अखेरीस ते पीएचपीत उतरवून मीडियाविकीच्या आत आणण्यात आले. संपादकासाठी नेमलेला हा दुभाषी त्यानंतर वाचकाच्या पृष्ठासाठीही वापरण्याचे काम सुरू झाले असून, २०२४ मध्ये विकिव्हॉयेज प्रकल्पाच्या वाचकांस दिसणारी पृष्ठे जुन्या रूपांतरकाऐवजी पार्सॉइडकडून तयार होऊ लागली.